सोवळ्याआडचं दुखणं

ज्या अवयवाबद्दल हे लिहितोय त्याला आमच्या घरात नावच नव्हतं. आई 'तिथं' म्हणायची. तिथं लागलं का, तिथं हात लावू नको. मी मोठा झालो, लग्न झालं, मुलगी झाली, तिचंही लग्न झालं, तरी माझ्यासाठी ते 'तिथं'च राहिलं. आता मात्र मी सरळ लिंग म्हणणार आहे. वाचताना कुणाला कसंनुसं झालं तर होऊ द्यावं. मलाही व्हायचं, आणि त्यापायी मी जीव गमावून बसलो असतो.

मी शिंपी. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात आमचं दुकान आहे, माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं, अण्णाचं. आम्ही विठ्ठलाची माणसं, आजोबांच्याही आधीपासून इथंच. अण्णा शर्ट शिवतो, मी पँट. दिवसभर अनोळखी पुरुषांच्या मांडीच्या आतून टेप लावतो. 'डावीकडे की उजवीकडे?' असं गिऱ्हाइकाला बेधडक विचारतो, कारण त्या बाजूला कापड किंचित सैल सोडावं लागतं. लोक लाजतात, मी लाजत नाही. म्हणजे त्यांच्या बाबतीत लाजत नाही.

शिवण खुपते

संक्रांतीच्या सुमारास अंघोळ करताना ध्यानात आलं की लिंगाची पुढची कातडी नेहमीसारखी मागे सरकत नाही. कडेला पांढुरकी, जाडसर किनार आली होती. जोर केला की बारीक चिरा पडायच्या आणि लघवी लागली की झोंबायचं.

मला साखर आहे, बरीच वर्षं. साखरेच्या माणसानं अशा वेळी डॉक्टरकडं जायचं असतं. पण मी पडलो शिंपी. कुठं काही घासलं, खुपलं, लाल झालं की आमच्या डोक्यात एकच येतं, कपडा चुकलाय. मी माझ्या पँटचं आसन, म्हणजे मांड्यांमधला जोड, उसवलं आणि अर्धा इंच उतरवून पुन्हा शिवलं. फरक पडेना. मग टेरिकॉट सोडून सुती घेतलं. शिवणीला आतून मलमलीची पट्टी लावली. चड्ड्याही घरीच शिवल्या, शिवण बाजूला घेऊन. इतक्या निगुतीनं मी नवरदेवाच्या पँटीही शिवल्या नसतील. प्रत्येक वेळी चार दिवस बरं वाटायचं आणि मी स्वतःवर खूश व्हायचो.

मध्येच घरापासून लांबच्या एका औषधाच्या दुकानातून खाजेचं मलम आणलं. लांबच्या अशासाठी की जवळच्या दुकानदाराची पँट मी शिवतो. मलम लावलं की लाली कमी व्हायची, थांबलं की परत यायची. उन्हाळा सरता सरता कातडी पूर्ण बंद झाली. तिच्या आत बोटाला काहीतरी टणक लागू लागलं, तुरीच्या दाण्याएवढं. दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे काही नाही, अशी मी समजूत घातली. मग वास येऊ लागला आणि चड्डीवर गुलाबी डाग दिसू लागले.

तेव्हा मला भीती वाटली. डॉक्टरची नव्हे, बायकोची. कपडे तीच धुते.

मी अचानक भाविक झालो

आषाढी एकादशी आली आणि मला वाट सापडली. मी घरात जाहीर केलं की यंदा चातुर्मासभर कडक सोवळं पाळणार. आमच्याकडं सोवळ्याला कानडीतल्यासारखं मडी म्हणतात. मडीत असलेल्या माणसाला शिवायचं नाही, त्याच्या कपड्यांना हात लावायचा नाही. तो आपलं आपण धुतो, वेगळ्या दोरीवर वाळत घालतो आणि वेगळ्या चटईवर झोपतो. मला हवं होतं ते सगळं त्या एका व्रतात बसत होतं.

आणि लोकांना काय कौतुक! अण्णानं दुकानात येईल त्याला सांगितलं. "नोडी, हा बघा माझा धाकटा. साठीला आला नाही अजून, पण मडी बघा त्याची." देवळात भजनाला गेलो की लोक मला वाट करून देत. मी टाळ वाजवायचो आणि मांडी घालून बसताना आतल्या आत कळवळायचो. देवासमोर बसून देवाचंच नाव पुढं करून खोटं बोलत होतो. त्याची लाज वाटायची, पण भीती त्याहून मोठी होती.

फक्त सुनंदाला, माझ्या बायकोला, हे व्रत पटलं नव्हतं. एकदा ताट वाढताना ती म्हणाली, "अवो, एकादशी महिन्यात दोनदा येती. तुमचं सोवळं रोज कसलं?"

"चातुर्मास हाय. नवस हाय माझा."

"कसला नवस? मला सांगितला नाही तो?"

"सांगितला की फळत नाही," मी म्हणालो. त्या दिवसापासून घरात बोलणं कमी झालं. ती भांडी जरा जोरात ठेवू लागली. मुलीचा फोन आला की आतल्या खोलीत जाऊन बोलू लागली.

दोरीवरचं कापड

श्रावणातली दुपार होती. दुकानातून जेवायला घरी आलो तर सुनंदा गच्चीवर होती. पावसाची भुरभुर सुरू झाली म्हणून ती कपडे काढत होती. आपले काढून झाले आणि ती माझ्या दोरीकडं वळली.

मी जिन्यातूनच ओरडलो, "मुट्टबेडा! शिवू नको म्हणून सांगितलंय ना!"

तिनं माझ्याकडं बघितलं आणि मुद्दाम, सावकाश, एकेक कापड ओढून खांद्यावर टाकलं. घरात शिवलेली चड्डी हातात आल्यावर थांबली. मी किती घासली होती ती! तरी डाग होता. तिनं तो अंगठ्यानं चोळून बघितला.

"रक्त हाय हे."

"मूळव्याध."

"मूळव्याधीचं रक्त पुढं कसं येईल?" ती म्हणाली. इतकी वर्षं शिंप्याच्या घरात राहिलेली बाई. कपड्याची पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली हे तिला मी काय सांगणार!

मी खाली बसलो. पाऊस येत होता, कपडे भिजत होते आणि आम्ही दोघं तसेच. मी सांगितलं. आधी थोडं, मग सगळं. ती रडेल असं वाटलं होतं. ती चिडली. एवढी चिडलेली मी तिला कधी बघितली नव्हती.

"मला आधी वाटलं दुसरी कोणतरी हाय. मग वाटलं, नाही, हा माणूस खरंच देवाचा झाला. महिनाभर मी देवावर रागावलेय, कळतंय का? माझा नवरा नेला म्हणून देवाशी भांडले मी. आणि तुम्ही हे लपवत बसलात?"

तिनं माझा दंड धरून मला उठवलं. सोवळं संपलं ते तिथंच. मला इतकं हलकं वाटलं की रडूच आलं.

"झोपा, बघू द्या"

आमची साखर बघणाऱ्या डॉक्टर मॅडम अग्रहार भागात बसतात. दर खेपेला त्या विचारायच्या, खाली काही त्रास, खाज, जखम? आणि दर खेपेला मी 'एनू इल्ला मॅडम' म्हणायचो, काही नाही. बाईमाणसाला काय सांगायचं! त्या दिवशी सुनंदा माझ्याआधी बोलली. मॅडमनी एका शब्दानं लाजवलं नाही. हातमोजे घातले, पडदा ओढला, बघितलं, दोन्ही जांघांत चाचपून बघितलं आणि लगेच मूत्रविकाराच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. "आज बघाल का?" एवढंच त्या म्हणाल्या.

मोठे डॉक्टर कमी बोलणारे. त्यांनीही तसंच तपासलं, जांघा चाचपल्या. कन्नडमध्ये म्हणाले ते मराठीत असं, "कातडी घट्ट झालीय, आत गाठ आहे. साधी सूज असू शकते, दुसरंही असू शकतं. कातडी काढून तपासायला पाठवल्याशिवाय कळणार नाही."

"दुसरं म्हणजे?"

"कॅन्सर."

लिंगालाही कॅन्सर होतो हे मला माहीत नव्हतं. तंबाखूनं तोंडाला होतो, बायकांना छातीत होतो, एवढंच ऐकलेलं. मी विचारलं, तसं निघालं तर काय करणार? ते म्हणाले, वरवर असेल तर कातडी काढण्यावर भागेल. आत गेलं असेल तर टोकाचा भाग काढावा लागेल, कदाचित जास्त. ते 'जास्त' म्हणाले तेव्हा सुनंदानं टेबलाची कड धरली.

"दसऱ्यानंतर केलं तर चालेल?" मी विचारलं. म्हैसूरचा शिंपी ऐन दसऱ्याच्या तोंडावर आजारी पडू शकत नाही. शेल्फ कापडांनी भरलेलं होतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही आधीच फार थांबलात," ते म्हणाले.

अण्णा

घरच्यांना सांगायचं होतंच. अण्णाला मी दुकानातच सांगितलं, शटर अर्धं ओढून. तो शर्टाला काजं करत होता. मान वर न करता त्यानं सगळं ऐकलं आणि एकदम उसळला.

"कापायचं? वेड लागलंय? आपल्यात असलं करत नाहीत. लोक काय म्हणतील, हा सुंता करून आला?"

"अण्णा, लोक माझी पँट उतरवून बघणार हायत का?"

"देव बघतो!"

"देवाला आधीपासून दिसतंय. त्यानं काही केलं नाही, म्हणून डॉक्टरकडं चाललोय."

हे मी बोलायला नको होतं. अण्णाचा चेहरा पांढरा पडला. तो म्हणाला, आधी टी. नरसीपूरला जाऊ, कावेरीच्या संगमात स्नान करू, तिथं एक झाडपाल्याचं औषध देणारे आहेत, एक महिना बघू. "सुम्ने, असंच एक महिना. त्यानं काय बिघडतं?" त्याचा आवाज कापत होता. मला वाटलं माझ्या काळजीनं कापतोय. सुंतेचं मी डॉक्टरांनाही विचारलं होतं, आमच्यात असलं करत नाहीत, वगैरे. ते म्हणाले होते, "ही कातडी आहे. आजारी आहे. एवढंच." मी अण्णाला तेच सांगितलं. तो उठून मागच्या खोलीत गेला आणि ऑपरेशनपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. दोन मशिनं हाताच्या अंतरावर, आणि दोन माणसं तोंडाला कुलूप लावून. मी सूड घेतल्यासारखा पायडल मारायचो.

हर्निया वॉर्ड

नातेवाइकांना आम्ही हर्निया सांगितला. वॉर्डात गेलो तर शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनाही हर्निया. समोरच्यालाही. दोघांच्याही खाटेला लघवीची पिशवी लटकलेली. बघावं त्याला हर्निया! मला त्या भीतीतही हसू आलं. संध्याकाळी शेजारचे हळूच म्हणाले, "तुमचा कुठला हर्निया?" मी खरं सांगितलं. त्यांनीही सांगितलं. नंतर आम्ही मनसोक्त गप्पा मारल्या.

कमरेत इंजेक्शन दिलं तेव्हा मी जागा होतो. कमरेखालचं काही कळत नव्हतं, पण पडद्यापलीकडं कात्रीचा आवाज आला. माझं आयुष्य कात्रीच्या आवाजात गेलंय. तो आवाज ऐकून मी पहिल्यांदा घामानं भिजलो. 'देवा, थोडं तरी राहू दे,' एवढंच मागत होतो. नवस, व्रत, काही नाही.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग बदलायला आली ती माझ्या मुलीपेक्षा लहान सिस्टर. मी डोळे गच्च मिटले. ती सगळा वेळ मला विचारत राहिली की चुडीदारला कापड किती लागतं. मी डोळे मिटूनच उत्तरं देत राहिलो. ड्रेसिंग कधी झालं ते कळलंसुद्धा नाही. तिला माहीत नसेल तिनं काय केलं, पण माझी अर्धी लाज तिनं काढून नेली.

घरी आल्यावर ते काम सुनंदानं घेतलं. पहिल्या दिवशी आम्ही दोघंही एकमेकांकडं बघत नव्हतो. टाके, सूज, जांभळा रंग. मला वाटलं ती तोंड फिरवेल. ती चष्मा लावून वाकली आणि म्हणाली, "टाके बरे घातलेत. तुमच्यापेक्षा बारीक." आम्ही हसलो, आणि हसल्यानं इतकं दुखलं की मी तिला शिव्या दिल्या.

रिपोर्ट

रिपोर्टची वाट बघणं ऑपरेशनपेक्षा वाईट. मी दुकानात बसायचो आणि कापड उलटं कापायचो. सुनंदा कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरायची. फोन वाजला की दोघंही त्याच्याकडं बघायचो, उचलायचं कुणीच नाही.

शेवटी डॉक्टरांनी बोलावलं. कॅन्सर होता. पण कातडीपुरताच होता, कापलेल्या कडा स्वच्छ होत्या आणि हा आजार आधी जिथं पसरतो त्या जांघेत काही सापडलं नव्हतं. लिंगाला हात लावायची गरज नव्हती. दर तीन महिन्यांनी दाखवायचं आणि रोज अंघोळीत स्वतः बघायचं. "अजून थोडे महिने थांबला असता तर वेगळं बोललो असतो," ते म्हणाले. सुनंदानं तिथंच पदर डोळ्यांना लावला. मी मूर्खासारखा थँक्यू थँक्यू म्हणत राहिलो.

मी डॉक्टर नाही, पण जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते सांगतो. रोज धुताना कातडी हळूच मागे घेऊन बघा, जोर करू नका. पूर्वी सरकणारी कातडी मोठेपणी घट्ट होऊ लागली, पांढरी पडली, रंग बदलला, पुरळ किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, गाठ लागली, वास किंवा रक्त आलं, लिंग वाकडं होऊ लागलं, तर मलमाच्या मागे न लागता दाखवा. कातडी मागे जाऊन अडकली आणि टोक सुजलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बहुतेक वेळा साधाच संसर्ग निघतो आणि गोळीनं जातो. मी ज्याला घाबरत होतो ते नसण्याचीच शक्यता जास्त होती. पण बघितल्याशिवाय ते कुणालाच कळणार नव्हतं. आणि दुखत नाही यावर अजिबात विसंबू नका.

साखर दाखवायला

दसरा गेला. अण्णाशी बोलणं कामापुरतं सुरू झालं होतं, बटण दे, कात्री दे, एवढंच. रिपोर्ट चांगला आला हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्यानं फक्त मान हलवली. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

दिवाळीच्या आधी एका सकाळी तो म्हणाला, "मॅडमकडं येतोस का माझ्याबरोबर? साखर दाखवायची हाय." अण्णाला साखर आहे, पण तो एकटाच जातो. मी निघालो. ऑटोत बसलो तर अण्णा ड्रायव्हरला म्हणाला, अग्रहार नको, आणि माझ्या डॉक्टरांच्या हॉस्पिटलचं नाव सांगितलं. मी त्याच्याकडं बघितलं. तो बाहेर बघत होता.

मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो उतरून गेला असता. माझा थोरला भाऊ, ज्यानं मला कात्री धरायला शिकवलं, तो ऑटोच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. चालताना तो पाय फाकवून चालतो हे मी किती दिवस बघत होतो? गुडघे दुखत असतील असं मी धरून चाललो होतो.

आत जाताना मी बाहेरच्या बाकावर बसायला लागलो, तर त्यानं माझी बाही पकडली. "तू ये," म्हणाला. मी गेलो. त्यानं भिंतीकडं तोंड करून धोतर सोडलं. डॉक्टरांनी हातमोजे घातले आणि वाकून बघितलं. जांघेत चाचपताना एका बाजूला त्यांचा हात थांबला. मला ते थांबणं कळलं, कारण माझ्या वेळी तो थांबला नव्हता.

"कधीपासून आहे हे?" त्यांनी विचारलं.

अण्णानं आधी माझ्याकडं बघितलं.

"ह्याच्या आधीपासून," तो म्हणाला.